चौसष्ट पैशांचा रुपया आणि तळेगावची काचभट्टी

दिवेलागणीच्या आधी कंदिलाची काच पुसायचं काम घरातल्या लहान मुलाकडे असे, कारण मोठ्या माणसाचा हात त्या काचेत जात नसे. चिमूटभर राख, जुन्या धोतराचा फडका, आणि "हळू रे, फुटेल" असा आतून आलेला आवाज. तरी ती फुटायचीच. कधी हातातून निसटून, कधी तापलेल्या काचेवर पावसाचा थेंब पडून. मग दुकानातून नवी आणायची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही नवी काच बहुधा ऑस्ट्रिया, जर्मनी नाहीतर बेल्जियममधून बोटीने आलेली असे.

या प्रकरणाची सुरुवात मी मुद्दाम या काचेपासून केली आहे. स्वदेशीचा विषय निघाला की आपल्याला कापड आठवतं, परदेशी कापडांच्या होळ्या आठवतात. पण कापड ही त्यातल्या त्यात सोपी गोष्ट होती. 1905 साली बंगालच्या फाळणीनंतर बहिष्काराची हाक उठली तेव्हा देशात मुंबई, अहमदाबाद, सोलापूरच्या गिरण्या होत्या, खेड्यापाड्यांत हातमाग होते. मँचेस्टरचं धोतर सोडलं तर नेसायला दुसरं धोतर मिळत होतं. कंदिलाच्या काचेचं तसं नव्हतं. देशी बांगडी होती, पण पातळ, स्वच्छ, ज्योतीची धग सोसणारी काच भरवशाने मिळेल असा देशी कारखाना नव्हता. त्याआधी निघालेले काही कारखाने युरोपीय कारागिरांच्या जिवावर चालले होते आणि ते टिकले नव्हते. म्हणजे देशी माल घ्यायची इच्छा आहे, खिशात पैसा आहे, आणि दुकानात देशी माल नाही. अशा वेळी गिऱ्हाइकाने काय करायचं?

या प्रश्नाला महाराष्ट्रात जे उत्तर शोधलं गेलं ते पैसा फंडाचं. माझ्या मते स्वदेशीच्या इतिहासातला हा सर्वांत शिकण्यासारखा आणि सर्वांत कमी वाचला गेलेला प्रयोग आहे.

एक पैसा म्हणजे किती?

कल्पना अंताजी दामोदर काळे यांची. प्रत्येक भारतीयाने वर्षाला फक्त एक पैसा द्यावा, आणि त्या पैशातून देशात उद्योग उभे करावेत, इतकी ती साधी होती. त्या काळचा रुपया सोळा आण्यांचा आणि आणा चार पैशांचा, म्हणजे रुपयाला चौसष्ट पैसे. चौसष्ट माणसांनी दिलं की एक रुपया जमायचा. लाख रुपये हवे असतील तर चौसष्ट लाख लोकांपर्यंत पोचायला हवं. उलट बाजूने पाहा: 1901 च्या जनगणनेत हिंदुस्थानची लोकसंख्या 29 कोटींच्या वर होती. प्रत्येकाने खरोखरच पैसा दिला असता, तर वर्षाला 45 लाख रुपयांहून अधिक भांडवल उभं राहिलं असतं.

अर्थात प्रत्येकाने दिला नाही. देणं शक्यही नव्हतं, कारण एक पैसा गोळा करायला जाणाऱ्या माणसाची भाकरीच त्याहून महाग. कागदावर ही योजना जितकी सुंदर दिसते तितकीच रस्त्यावर कष्टाची होती. दारोदार, गावोगाव हिंडायचं, एकेक पैसा मागायचा, त्याचा हिशेब ठेवायचा. कंपनीचे भाग, म्हणजे शेअर, विकून मोठी रक्कम लवकर उभी राहिली असती. पण काळ्यांच्या योजनेत दाता हा भागीदार नव्हता. त्याला नफ्याचा वाटा मिळणार नव्हता, व्याज मिळणार नव्हतं. त्याला मिळणार होती ती एवढीच खात्री, की देशात आज जे होत नाही ते उद्या होईल.

टिळकांनी 'केसरी'तून या कल्पनेला बळ दिलं आणि फंडाला वजन आलं. पुण्याला असल्या विचाराची सवय आधीपासून होती. सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, 1870 च्या दशकातच खादी वापरत होते, आणि 1877 च्या दिल्ली दरबारालाही ते खादीच्या वेशातच गेले होते. न्यायमूर्ती रानड्यांनी देशी उद्योगांचं अर्थशास्त्र मांडलं होतं. पण सार्वजनिक काकांच्या व्रतात भर गिऱ्हाइकावर होता: मी काय वापरीन, काय वापरणार नाही. पैसा फंडाने गिऱ्हाइकाला कारखान्याच्या पायाशी नेऊन उभं केलं. वस्तू अजून जन्मायची होती, आणि तिच्या बाळंतपणाचा खर्च लोकांनी आधी उचलायचा होता.

भट्टी पेटली

काचच का निवडली, याचं एक कारण वर आलंच आहे. दुसरं कारण एका माणसाच्या रूपाने चालून आलं. ईश्वरदास वार्ष्णेय हे उत्तर हिंदुस्थानातले तरुण आधी जपानला आणि नंतर अमेरिकेत बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकून आले होते. त्या काळात परदेशी गेलेला बहुतेक विद्यार्थी बॅरिस्टर व्हायला किंवा आयसीएसच्या परीक्षेला जाई. हे गृहस्थ काच करायला शिकले. त्यांना तळेगावला आणलं गेलं आणि 1908 मध्ये तळेगाव दाभाडे इथे पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला.

तळेगाव पुणे-मुंबई लोहमार्गावरचं. त्या काळात ते राष्ट्रीय विचाराचं ठाणंच होऊ पाहत होतं. विष्णु गोविंद विजापूरकरांचं समर्थ विद्यालय इथेच होतं, जे सरकारने 1910 मध्ये बंद पाडलं. कारखान्याचं वर्षही साधं नव्हतं. 24 जून 1908 रोजी टिळकांना अटक झाली, 22 जुलैला सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांची रवानगी मंडालेला झाली. फंडाला ज्यांच्या शब्दाने वजन आलं होतं ते गेले, आणि भट्टी मागे राहिलेल्यांनी पेटती ठेवली.

काच कशी होते हे थोडं सांगायला हवं, कारण या गोष्टीतली सगळी गुंतागुंत त्या मिश्रणातच आहे. मुख्य घटक वाळू, म्हणजे गारगोटीची शुद्ध पांढरी वाळू. ती नुसती वितळवायची तर 1700 अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता लागते, जी साध्या भट्टीला झेपत नाही. म्हणून तिच्यात सोडा अॅश घालतात. आपल्या धुण्याच्या सोड्याचाच हा कोरडा भाऊ. त्याने वाळू कमी उष्णतेवर वितळते. पण वाळू आणि सोडा यांची नुसती काच पाण्यात विरघळते, म्हणून तिसरा घटक चुन्याचा. शिवाय फुटक्या काचेचे तुकडे परत घालायचे. मग मधासारखा झालेला तो लालबुंद रस लोखंडी नळीच्या टोकावर घ्यायचा, नळी फिरवत राहायचं आणि फुंकायचं. आकार आला की काम संपत नाही. वस्तू टप्प्याटप्प्याने, सावकाश थंड करावी लागते. घाई केली की काचेच्या अंगात ताण राहतो आणि ती वरून धडधाकट दिसली तरी पहिल्याच रात्री कंदिलात तडकते.

आता तळेगावकडे बघा. सह्याद्रीचा काळा फत्तर. काचेला लागते तशी वाळू जवळपास नाही. उत्तम काच-वाळू अलाहाबादच्या बाजूला. कोळसा बंगाल आणि बिहारमधला. आणि सोडा अॅश थेट विलायतेहून. व्यापारी हिशेबाने पाहिलं तर या जागी काच कारखाना काढायचं काही कारण नव्हतं. प्रत्येक कच्चा माल शेकडो मैल रेल्वेने यायचा, आणि त्या काळच्या रेल्वेचे दर बंदरातून आत येणाऱ्या परदेशी मालाला सोयीचे आहेत, ही तर देशी कारखानदारांची नेहमीची तक्रार. हॅम्बुर्गहून मुंबईला उतरलेली काच तळेगावात झालेल्या काचेपेक्षा मुंबईच्या दुकानदाराला स्वस्त पडली, तर त्यात नवल नव्हतं.

माल की माणसं?

मग हा कारखाना फसला असं म्हणायचं का? इथे माझं मत स्पष्ट आहे: नाही. फक्त त्याची मोजपट्टी वेगळी घ्यावी लागते.

वार्ष्णेयांनी कारखाना आणि शाळा एकाच छपराखाली चालवली. काच फुंकणं पुस्तकातून येत नाही. नळीच्या टोकावरचा गोळा कधी खाली ओघळेल, किती श्वास सोडायचा, कधी थांबायचं, हे हाताला आणि फुप्फुसाला शिकावं लागतं. आधीचे कारखाने बुडाले त्यामागे हेही एक कारण होतं की कसब युरोपीय कारागिराच्या हातात होतं, आणि तो बोटीत बसला की कसबही त्याच्याबरोबर गेलं. तळेगावात पहिल्यांदा हे कसब इथल्या पोरांच्या हातात उतरवण्याचं काम शिस्तीने झालं. शिकलेली माणसं पुढे दुसऱ्या काच कारखान्यांत गेली. स्वतः वार्ष्णेयही तळेगावला थांबले नाहीत. ते उत्तरेत गेले आणि पुढे संयुक्त प्रांतात, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशात, बहजोई इथे त्यांनी काच कारखाना उभारला.

भाग विकून काढलेली कंपनी असती, तर तयार केलेले कारागीर दुसरीकडे जाणं हा तोटा ठरला असता. संचालकांनी करारांनी त्यांना बांधून ठेवलं असतं, कृती गुप्त ठेवली असती. पैसा फंडाचा पैसा ज्याने दिला त्याला नफ्याशी घेणंदेणं नव्हतं. त्यामुळे शिकलेला माणूस बाहेर पडून दुसऱ्या प्रांतात भट्टी पेटवतो आहे ही फंडाच्या दृष्टीने मिळकतच होती. लोकांनी दिलेला तो पैसा मला म्हणूनच वस्तूच्या किमतीपेक्षा शाळेच्या फीसारखा वाटतो. देशाने स्वतःच्या शिक्षणासाठी भरलेली फी.

आपण देशी माल घ्या म्हणतो तेव्हा हा भाग नजरेआड होतो. त्याच वर्षांत कापडाच्या बाबतीत काय झालं ते आठवावं. बंगालमध्ये विलायती धोतरावर बहिष्कार पडला, मागणी मुंबईच्या गिरण्यांकडे वळली, आणि गिरणीवाल्यांनी भाव चढवून हात धुऊन घेतले अशी तक्रार बंगालमधून झाली. माल देशी, गिरणी देशी, पैसा देशातच. पण गिऱ्हाइकाच्या त्यागातून कारखान्याची कुवत वाढली की नुसती तिजोरी वाढली, हा प्रश्न उरतोच. काचेच्या बाबतीत गिऱ्हाइकाचा पैसा कुठे गेला हे आपण दाखवू शकतो: तो माणसांच्या हातांत गेला.

युद्धाने दिलेली संधी

1914 मध्ये महायुद्ध पेटलं. जर्मनी आणि ऑस्ट्रिया शत्रुराष्ट्रं ठरली, बेल्जियम जर्मनांच्या ताब्यात गेला. हिंदुस्थानला काच पुरवणारे मोठे देश एकाच वेळी बाद झाले. जपानने ती जागा झपाट्याने घेतली, पण देशी कारखान्यांनाही श्वास घ्यायला फट मिळाली. ज्या प्रांतांत काच फुंकणारी माणसं होती तिथे भट्ट्या पेटू शकल्या. 1908 मध्ये ही माणसं घडवायला सुरुवात झाली नसती, तर 1914 ची ही संधी तशीच निघून गेली असती. युद्ध सुरू झाल्यावर कारागीर घडवायला बसलं तर तो घडेपर्यंत तह होतो.

याच काळात, 1916 मध्ये, कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा काच कारखाना निघाला. जागा औंध संस्थानची. त्याच संस्थानात त्याआधी 1910 मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली होती. ब्रिटिश मुलखात उद्योजकाला जे मिळणं अवघड होतं ते, म्हणजे जमीन आणि राजाचा आधार, एका छोट्या संस्थानाने दिलं. ओगल्यांच्या कारखान्याभोवती ओगलेवाडी झाली. आणि तिथे पुढे झाला तो 'प्रभाकर' कंदील, ओगले बंधूंच्या वडिलांच्या नावाचा. काच देशी, कंदील देशी. अमेरिकन आणि जर्मन कंदिलांच्या शेजारी तो दुकानात टांगला गेला आणि विकला गेला.

आमच्या घरी माळ्यावर एक प्रभाकर कंदील होता. वीज आल्यावर वर गेलेला, वादळात दिवे गेले की खाली येणारा. त्याच्या तळाला गंज चढला होता, वात वर-खाली करायची चक्री मात्र शेवटपर्यंत सुरळीत फिरायची. माझ्या आजीला स्वदेशी चळवळीचं फारसं काही ठाऊक नव्हतं. तो कंदील तिने घेतला आणि जपला, कारण तो धूर कमी करायचा आणि वाऱ्यात विझायचा नाही. देशी वस्तूला असं गिऱ्हाईक मिळतं तेव्हा चळवळीने आपलं काम केलेलं असतं, असं मला वाटतं. त्यागाने घेतलेली वस्तू माणूस एकदा घेतो. वाऱ्यात न विझणारा कंदील तो आपल्या मुलीच्या लग्नातही देतो.

सोड्यात अडलेलं घोडं

आता या प्रकरणातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग.

युद्ध संपलं, युरोपचा माल परत आला, जपानचा तर थांबलाच नव्हता. 1930 नंतर येनची किंमत घसरली आणि जपानी काच आणखी स्वस्त झाली. देशी काच कारखान्यांनी सरकारकडे संरक्षण मागितलं, म्हणजे आयात मालावर पुरेशी जकात बसवा अशी मागणी केली. ती अवाजवी नव्हती. 1920 च्या दशकात सरकारने निवडक उद्योगांना संरक्षण देण्याचं धोरण स्वीकारलं होतं आणि 1924 मध्ये टाटांच्या पोलादाला ते मिळालंही होतं. अशा मागण्या तपासणाऱ्या टॅरिफ बोर्डाने, म्हणजे जकात मंडळाने, काच उद्योगाची चौकशी करून 1932 मध्ये अहवाल दिला. अहवाल अनुकूल होता. वाळू आहे, चुना आहे, कोळसा आहे, कारागीर आहेत, बाजारपेठ आहे, म्हणून संरक्षण द्यावं.

सरकार तीन वर्षं गप्प राहिलं. 1935 मध्ये उत्तर आलं ते नकाराचं. कारण काय, तर सोडा अॅश. काचेचा महत्त्वाचा कच्चा माल या देशात होत नाही, तो बाहेरून आणावा लागतो, तेव्हा या उद्योगाला इथे नैसर्गिक अनुकूलता आहे असं म्हणता येत नाही.

या नकारावर त्या काळच्या अर्थशास्त्रज्ञांनी कडक टीका केली, आणि ती रास्त होती. परदेशी कापसावर ब्रिटनच्या गिरण्या जगभर कापड विकत होत्या, तेव्हा कच्चा माल बाहेरचा म्हणून कुणी त्यांना उद्योग म्हणायचं थांबलं नव्हतं. सोडा हा काचेतला एक घटक. एकावर बोट ठेवून बाकीच्यांवर पाणी सोडायचं, याला न्याय म्हणत नाहीत.

पण राग बाजूला ठेवून मला वाटतं की त्या नकाराने एक खरी जागा दाखवली. 1908 पासून लोक देशी काच म्हणून जी वस्तू घेत होते, तिच्या प्रत्येक नगातून थोडा पैसा सोड्याच्या वाटेने विलायतेला जात होता. गिऱ्हाइकाला ते दिसत नव्हतं. दिसण्याचं कारणही नव्हतं, कारण सोडा काचेत विरघळून जातो. तळेगावने कसबाचा प्रश्न सोडवला. भांडवलाचा प्रश्न एका पैशाने अर्धामुर्धा सुटला. रसायनाचा प्रश्न कुणी हातात घेतला नव्हता. आणि तो दारोदार हिंडून सुटणारा नव्हता. सोडा अॅशचा कारखाना म्हणजे मीठ, चुनखडी, अमोनिया, प्रचंड यंत्रसामग्री आणि अनेक वर्षं तोटा सोसायची ताकद. काठेवाडात त्या दिशेने प्रयत्न झाले. टाटा केमिकल्सची स्थापना 1939 मध्ये झाली, बडोदा संस्थानातल्या ओखामंडळात, पुढे ज्याला मिठापूर म्हणू लागले तिथे. तळेगावची भट्टी पेटल्याला तेव्हा 31 वर्षं झाली होती.

ही 31 वर्षं मला फार बोलकी वाटतात. वस्तू देशी करायला तीन-चार वर्षं पुरतात. वस्तूच्या आतली वस्तू देशी करायला एक पिढी जाते. आणि मधल्या पिढीत जो देशी माल घेतो त्याला कुणीही सहज म्हणू शकतं की अहो, यात देशी काय आहे, नुसती जुळणी तर आहे. 1935 मध्ये सरकारने नेमकं तेच म्हटलं. त्या वेळी सगळ्यांनी ते खरं मानून जर्मन काच घेतली असती, तर मिठापूरच्या सोड्याला देशात गिऱ्हाईक कोण उरलं असतं? काचेच्या भट्ट्या आधी जिवंत होत्या, म्हणून सोड्याला बाजार होता.

म्हणून आज कुणी मोबाइल किंवा सौर पॅनेल हातात घेऊन "यातली चिप बाहेरची, यातला सेल बाहेरचा" असं म्हणतं, तेव्हा मी मान डोलावतो, पण तिथे थांबत नाही. विचारायचं ते पुढचं असतं. जुळणी करणाऱ्या कारखान्यात कोण काय शिकतंय? पाच वर्षांपूर्वी बाहेरून येणारा कुठला भाग आता इथे होतो? उत्तर 'एकही नाही' असेल तर ती जुळणी कायमची जुळणीच राहणार, आणि तिला देशी म्हणून जास्त दाम मोजायला मी तयार नाही. उत्तरात एखादा जरी भाग असेल तरी मी घेईन.

दुकानात हे विचारून उत्तर मिळत नाही, हे खरं. डब्यावर 'भारतात निर्मित' एवढंच छापलेलं असतं. रुपयातले किती पैसे देशात राहिले, ते कुठे लिहीत नाहीत. चौसष्ट पैशांच्या काळात फंड निदान एवढं सांगू शकत होता की तुझा पैसा तळेगावला गेला, हवं तर गाडीत बसून बघून ये.

सोड्याची गोष्ट तर अजून चालूच आहे. भारतात आता सोडा अॅश मोठ्या प्रमाणावर होतो, बहुतेक सगळा गुजरातच्या किनाऱ्यावर, जिथे मीठ आणि चुनखडी दोन्ही हाताशी आहेत. तरी बाहेरचा स्वस्त सोडा येतच राहिला, आणि डिसेंबर 2024 मध्ये केंद्र सरकारने त्यावर टनाला 20,108 रुपये ही किमान आयात किंमत ठरवली. सोडा करणाऱ्यांना हे हवंच होतं. काच करणाऱ्यांना मात्र त्याने कच्चा माल महाग पडणार होता. दोन्ही कारखाने देशातले आहेत, दोन्हीकडचे कामगार आपलेच आहेत, आणि एकाचं संरक्षण ही दुसऱ्याची अडचण आहे. 1935 मध्ये काचेला नकार मिळाला तो देशात सोडा नाही म्हणून. आज देशात सोडा आहे, आणि कोणत्या भावाने काचेला तो द्यायचा यावर दोघे देशी उद्योग दिल्लीच्या दारात समोरासमोर उभे आहेत.